डोंग्यावर वाळलेला मोह

रविवारच्या पुरवणीत टकीलाविषयी लेख आला आहे. मेक्सिकोच्या कोरड्या माळावर घायपातासारखं एक काटेरी झाड वाढतं, त्याचा गड्डा भाजून, कुटून, आंबवून ही दारू गाळतात. लेखकाने परवडणाऱ्या किमतीच्या तीन बाटल्या शेजारी शेजारी ठेवून चाखल्या आहेत. एकीला जळक्या लाकडाचा वास येतो, दुसरीत मिरं लागतं, तिसरी घशाला ओरबाडते म्हणून बाद. टकीला घटाघटा ओतायची नसते, जिभेवर थांबवायची असते, असं त्याने आग्रहाने सांगितलं आहे. लेख मन लावून लिहिलेला आहे. मी तो दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा वाचताना मला राग आला. राग लेखकाचा नव्हता. ज्या जिभेला पारख असते तिला कुठे जाणकार म्हणतात आणि कुठे गुन्हेगार, याचा होता.

त्याच दिवशी चंद्रपूरच्या स्टँडवर एका बसच्या टपावरून पोती उतरत होती. हमालाने एक पोतं पाठीवर घेतलं आणि शिवणीतून चार-दोन फुलं सांडली. वाळलेली, मनुक्याच्या रंगाची. मी थांबले. चैत्राचं ऊन, डिझेल, घाम, आणि त्या सगळ्याच्या खालून येणारा तो जड गोड वास. मोहाच्या वासाला वर्षं कळत नाहीत. तो आला की मी वैनगंगेच्या त्या काठावर असते, ढिवरांच्या टोल्यावर, म्हणजे मासेमारांच्या वस्तीवर, धुरपताबाईच्या ओसरीत. तिचा नवरा गोविंदाभाऊ गेल्यानंतरची पहिली तीज, पितरांना पान वाढायचा दिवस, जवळ येत असते आणि धुरपताबाईपुढचा प्रश्न सुटलेला नसतो: ज्या नवऱ्याला मरताना पानाचा एक दोना भरून मोहाची दारू नाकारली, त्याला ती आता द्यायची की नाही.

*

मोह मध्यरात्री पडत नाही. पहाट फुटायच्या जरा आधी सुरू होतो आणि ऊन चढेपर्यंत पडत राहतो. झाडाखालचा पाचोळा आदल्या दिवशी जाळून जागा काळी करून ठेवलेली असते. त्या काळ्या जमिनीवर पिवळसर, फुगीर, ओली फुलं. पडतानाचा आवाज अगदी हलका असतो, पण एकदा कान लागला की दुसरं काही ऐकू येत नाही. बायका वाकून वेचतात, बोलतात कमी. एखादी दोन-चार फुलं तोंडात टाकते. गोड असतात, पण गोडाच्या मागे किंचित कडवट काहीतरी राहतं. जंगलालगतच्या झाडांखाली कधी अस्वल आधी येऊन गेलेलं असतं आणि माती उकरलेली दिसते. त्याच्याशी कोणी भांडत नाही. धुरपताबाईची शेजारीण अनुसया म्हणायची, त्याचाही दारूबंदीच्या मंडळात ठराव घ्यावा लागेल, फुकटात झिंगून राह्यला.

मोह म्हणजे दारूच असं शहरातल्यांना वाटतं. मलाही वाटायचं. टोल्यावर मी मोह भाजून तिळासोबत कुटलेला खाल्ला, लाखोळीच्या डाळीत शिजवलेला खाल्ला. धान संपून पाऊस यायच्या मधल्या दिवसांत त्या झाडाने किती घरं जगवली असतील. त्याच झाडाने किती घरं मोडली, तेही तितकंच खरं. मी दुसरं सत्य घेऊन तिथे गेले होते. पहिलं मला तिथे वाढलं गेलं, पानावर.

*

बाबांचा चंद्रपुरात छोटा छापखाना होता. लग्नपत्रिकांवर घर चाले आणि पत्रकांवर बाबा जगत. माजरीच्या खाणकामगारांचं पत्रक, धरणाविरुद्धचं पत्रक, दारूबंदीचं पत्रक. मी अक्षरं शिकले ती खिळ्यांवरून, म्हणजे उलटी. घड्या घालायला बसले की हात काळे होत आणि डोक्यात वाक्यं बसत. पत्रकातलं वाक्य आखूड असतं. त्याला ‘पण’ नसतो. बाबा सांगायचे, ज्या वाक्यात ‘पण’ आला ते पत्रक माणूस खिशात ठेवतो, चौकात वाचून दाखवत नाही.

गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागली आणि नदीच्या अलीकडची दुकानं बंद झाली. पलीकडे, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, परवान्याची दुकानं तशीच चालू राहिली. पूल ओलांडला की कायदा बदले. बंदी कागदावरून घरात उतरवायची तर ते काम बायकाच करतील, असं आमच्या दारूबंदी संघटनेचं म्हणणं होतं, माझंही. म्हणून मी त्या टोल्यावर राहायला गेले आणि तिथल्या महिला मंडळासाठी शपथ लिहिली: गाळणार नाही, विकणार नाही, पिणार नाही. खाली नियम. जी मोडेल तिचं नाव नवऱ्याच्या नावासकट भर सभेत वाचलं जाईल आणि वर्षभर ती मंडळात बसणार नाही. पुरुषांसाठी वेगळी कलमं होती. कुठेही ‘पण’ नव्हता.

धुरपताबाई मंडळाची अध्यक्ष. उंच, काटक, मासोळी विकून विकून आवाज नदीपलीकडे पोचेल असा झालेला. सभेत मात्र ती हळू बोले आणि त्यामुळे सगळ्यांना गप्प राहावं लागे. अनुसया तिची शेजारीण, दोघींच्या अंगणांत एक कुडाची भिंत. अनुसयाच्या जिभेला आख्खा टोला भिऊन असे. शपथ घेताना तीच सगळ्यांत पुढे होती.

मला उशिरा कळलेली एक गोष्ट इथेच सांगते. त्या टोल्यावर मोह गाळणाऱ्या बायकाच होत्या. पुरुष पीत, बायका गाळत. मडक्यावर मडकं चढवायचं, सांधा मातीने लिंपायचा, वर थंड पाण्याचं भांडं, बाजूने बांबूची नळी, आणि चुलीतला जाळ ना मोठा ना लहान. ही विद्या आईकडून लेकीकडे आलेली. भट्ट्या फोडायचा दिवस ठरला तेव्हा मी घोषणा देत होते आणि त्या आपल्याच हाताची मडकी फोडत होत्या. पहिलं मडकं गोविंदाभाऊने फोडलं. अध्यक्षिणीचा नवरा, म्हणून त्याने आपण होऊन पुढे यावं असं ठरलं होतं आणि तो आला. आत आंबत ठेवलेल्या फुलांचा सडवा अंगणभर सांडला. कोंबड्यांनी तो टिपला आणि दुपारपर्यंत त्या एकमेकींवर आपटत फिरत होत्या. सगळे हसले. धुरपताबाई हसली नाही. ती खापऱ्या गोळा करत होती, उगाच कोणाच्या पायात जातील म्हणून.

*

गोविंदाभाऊ टोल्यातला चोखंदळ माणूस. बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर त्याचा एक मोह होता, बाकी कोणत्याही झाडाचं फूल तो घरात घेत नसे. आणि त्याची एक खोड होती, तिच्यावरून सगळे त्याची टर उडवायचे. लोक फुलं खडकावर वाळवतात, सारवलेल्या अंगणात वाळवतात. हा पालथ्या घातलेल्या डोंग्यावर वाळवायचा. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली त्यांची होडी. उन्हाळ्यात पाणी आटलं की त्याची होडी अनुसयाच्या अंगणात पालथी पडलेली असे, कारण सावली तिथे नव्हती. पाण्यात मुरलेलं, तेल पाजलेलं, मासोळीच्या खवल्यांनी वर्षानुवर्षं घासलेलं ते लाकूड. त्याचा वास फुलात उतरायचा आणि फुलातून दारूत. बाहेरचे पाहुणे पहिल्या घोटालाच नाक मुरडत आणि म्हणत, ढिवरानं मोहाले बी गळ लावला. गोविंदाभाऊ म्हणायचा, तुमची दारू कुठूनबी येते, माझी माझ्या घरून येते.

हे मला त्यानेच सांगितलं, दारू सोडल्यानंतर. तो दोना हातात धरल्यासारखी बोटं वळवून सांगे आणि मधेच जीभ टाळूला लावून थांबे. त्याने एकदा शब्द दिला तो पाळला. नदीपलीकडची बाटली कित्येकांच्या जाळ्याखाली लपून येत होती. त्याच्या डोंग्यात ती कधी सापडली नाही.

पुसात, म्हणजे पौषात, त्याला ताप आला. हिवतापच होता, तालुक्याच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर पुन्हा आला. शेवटच्या दिवसांत त्याने बायकोकडे एक दोना मोहाची मागितली. अंगणात माणसं बसलेली होती, ऐकत होती. ती काय करते याकडे टोल्याचं लक्ष होतं, कारण तिच्या शब्दावर कितीतरी घरांतले नवरे कुरकुरत का होईना थांबलेले होते. तिने नाही म्हटलं. मग तिने वाळलेला मोह पाण्यात उकळला, गाळला आणि ते कोमट गोड पाणी त्याच्या तोंडाला लावलं. त्याने वास घेतला, तोंड फिरवलं आणि हसला. ‘हे पोरासोराचं हाय वं,’ म्हणाला. दोनच दिवसांनी तो गेला.

मी तेव्हा ओसरीतच होते. मला तिचा अभिमान वाटला होता. अजूनही वाटतो. एवढंच की तेव्हा तो अभिमान पत्रकातल्या वाक्यासारखा आखूड होता.

*

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला तीज म्हणतात. त्या दिवशी पितरांना नवी घागर भरून पाणी देतात, पान वाढतात. वर्षात गेलेला माणूस त्या दिवशी पितरांत मिळतो. टोल्याची रीत अशी की त्याला आवडायचं ते पानावर असलंच पाहिजे, आणि पिणाऱ्याला त्याची दारू. या रीतीचा एक भाग मला आधी उलटा वाटला होता. देवाचा नैवेद्य उष्टा चालत नाही, पण पितराची दारू चाखल्याशिवाय चालत नाही. धुरपताबाईने मला तो समजावला होता. देव काही आपल्या घरी जेवून मोठा झालेला नसतो, त्याला काय आवडतं ते आपण ठरवतो. पितर घरचा. त्याची जीभ माहीत असलेलं माणूस जिवंत आहे तोवर त्याच्यापुढे वाईट ठेवायचं नाही. म्हणून ज्याला त्याची जीभ सगळ्यांत जास्त ठाऊक, त्याने चाखायची.

फाल्गुन सरला, मोह सुरू झाला. बोडीच्या पाळीवरच्या झाडाखाली त्या वर्षी धुरपताबाई गेली नाही. तिच्याऐवजी अनुसयाच टोपली घेऊन जायची आणि अर्धी फुलं तिच्या दारात ओतायची. धुरपताबाई ती वाळवून बाजारात विकायला पाठवी. त्यावरून दोघींत बोलणं होत नसे. दुपारी ओसरीत पडलं की गरम वारा फुलांचा वास घेऊन आत शिरे आणि माठाच्या पाण्यालाही तो लागे. एकदा तिने पाणी पिता पिता भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, ‘तुले सांगतो पोरी, मले त्याचं रडनं येत नाई. त्याचं हसनं येते.’

तीज जवळ आली तसा ऋषीभाऊ घरी येऊ लागला. गोविंदाचा धाकटा भाऊ. सरळ माणूस, स्वतः फारसा न पिणारा. त्याचं म्हणणं एकच होतं: माझा भाऊ तहानलेला गेला, तो पितरांत तहानलेला मिळू नये. मंडळाची सभा बसली. मी बोलले, आणि चांगलं बोलले. आज मयतासाठी दार उघडलं तर उद्या लग्नासाठी उघडेल, परवा बारशासाठी. धुरपताबाईने जिवंत नवऱ्याला नाकारलं म्हणून आपल्या शब्दाला वजन आलं, ते वजन मेलेल्यासाठी उतरवायचं का? अनुसया माझ्याहून कडक. मेलेल्याच्या नावानं जित्ते पेतात, हे मी लहानपनापासून पाहून राह्यली, म्हणाली. मग एका म्हातारीने सांगितलं की हाताने गाळायची नाही, विकायची नाही, प्यायची नाही, एवढंच आपण बोललो. जमिनीवर ओतायला कोणी अडवलं? बरीच वादावादी झाली. शेवटी ठरलं की ऋषीभाऊने बाहेरून आणावी, दोनाभर चढवावी, उरलेली मंडळाने सगळ्यांदेखत मातीत ओतावी. चाखणारीने जिभेवर ठेवून थुंकायचं, घोट घ्यायचा नाही.

धुरपताबाई अध्यक्षाच्या जागी बसून हे सगळं ऐकत होती. तिला कोणी विचारलं नाही.

*

तिजेची सकाळ. अंगण सारवलेलं, नवी घागर, तिच्या तोंडावर खरबूज, पळसाच्या पानावर वडे, भात, आणि बोडीतली शिंगूर मासोळी, कारण ती त्याच्या आवडीची. मंडळाच्या बायका एका बाजूला, पुरुष कुडाला टेकून. ऋषीभाऊने तीन भांडी मांडली. कोणती भावाच्या जिभेला लागेल याची खात्री नव्हती म्हणून तीन.

पहिली नदीपलीकडच्या दुकानातली, सीलबंद, नारिंगी चित्राची. धुरपताबाईने दोन्यात थोडी ओतून घेतली, वास घेतला, जिभेवर ठेवली, थुंकली. ‘हे दवाखान्याचं हाय,’ म्हणाली. ‘सुई टोचाच्या आंधी कापूस घासतात, ते.’ कुडाकडे कोणीतरी हसलं.

दुसरी ऋषीभाऊने सूरजागडच्या पहाडाखालून, एका ओळखीच्या घरून, प्लास्टिकच्या कॅनमध्ये आणलेली. मोहाचीच, पाण्यासारखी स्वच्छ. ही तिने बराच वेळ जिभेवर ठेवली. डोळे मिटले. थुंकली तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता, आणि मला वाटलं सुटलो. तिने सांगितलं की ही फार चांगली आहे, फूल खडकावर वाळलेलं आहे, पाणी लाल मातीतलं, लोखंडाची चव आहे, गाळणारीने घाई केलेली नाही. ऋषीभाऊ दोना पुढे करू लागला. तिने हात आडवा धरला. ‘पन हे पहाडाचं हाय गा. हे पाहुन्याले द्याचं. तो पेईन, नाई म्हननार नाई. पन परक्या घरी जेवल्यावानी पेईन.’

तिसरी एका जुन्या काचेच्या बाटलीत होती, पानाचं बूच लावलेली. ही कुठली, असं मी विचारलं तेव्हा ऋषीभाऊ म्हणाला, हीबी बाहेरूनच, आणि त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. बूच काढलं. वारा पडलेला होता, तरी तो वास माझ्यापर्यंत आला: फुलाचा गोडवा, धूर, आणि त्यांच्या खाली ओलं जुनं लाकूड. मासोळीचं, तेलाचं, नदीचं. जवळच्या दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी ती दारू कधी प्यायले नव्हते. पण गोविंदाभाऊने मला ती इतकी सांगितली होती की मी ती ओळखली.

ही दारू पुलावरून आलेली नव्हती. ती टोल्यातच गाळलेली होती, बोडीच्या पाळीवरच्या फुलाची, आणि ते फूल डोंग्यावर वाळलेलं होतं. गोविंदाभाऊचा डोंगा एकाच अंगणात पालथा होता. मी अनुसयाकडे पाहिलं. ती समोर उभी होती, पदर तोंडाशी धरून. सभेत सगळ्यांत कडक बोललेली बाई. तिने आमच्यासमोर नाही म्हटलं होतं, आणि कुडामागे, कोणाला न सांगता, एक मडकं चढवलं होतं. मैत्रिणीने मागितलं नसतं हे तिला ठाऊक होतं.

धुरपताबाईने दोना तोंडाला लावला. सगळं अंगण वाट पाहत होतं की ती आता थुंकेल. ती थुंकली नाही. गळ्याची शीर हलली आणि घोट खाली गेला. मग तिने आणखी एक घेतला, सावकाश, जिभेवर थांबवून. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. गोविंदाभाऊ गेल्यापासून मी ते पहिल्यांदा पाहिलं.

‘हे त्याचं,’ ती म्हणाली.

कुणाला काही विचारायची संधी मिळायच्या आत अनुसयाने पदर सोडला आणि तोंड उघडलं. धुरपताबाईने तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की नंतर त्यावर वळ होते. आणि सभेत बोलायची तशा हळू आवाजात ती सगळ्यांना म्हणाली, ‘आन हे मी गाळलं. पेलं बी मीच. तुमी पाह्यलं.’

तिने दोना भरला. पानापुढे बसली. दारू मातीत सोडताना तिने धार अगदी बारीक धरली होती, तहानलेल्या माणसाच्या तोंडात पाणी सोडावं तशी. सारवलेली जमीन कोरडी होती. तिने ती लगेच शोषली.

*

राग मला तेव्हाही आला होता. आपली बाजू आपल्याच माणसांनी सोडली की येतो तो. त्या दुपारी मी कुडाला टेकून बसले होते आणि मनातल्या मनात पुढचं पत्रक लिहीत होते. उरलेली दारू बायकांनी ठरल्याप्रमाणे ओतून टाकली होती. पहाडाची, दुकानाची, घरची, तिन्ही एकाच खड्ड्यात. त्यात आता कोणालाच काही वेगळं करता आलं नसतं. ऊन इतकं होतं की कावळेही पानाला शिवून लगेच सावलीत गेले.

अनुसया आली आणि माझ्यासमोर जमिनीवर बसली. तिने सगळं सांगितलं, मला माहीत होतं ते आणि नव्हतं ते. पुसात तो दोना मागत होता तेव्हा ती कुडापलीकडे तांदूळ निवडत होती. धुरपताने नाही म्हटलेलं तिने ऐकलं, आणि रात्रभर धुरपता कुडाला पाठ लावून बसलेली तिला जाणवत होती, मध्ये फक्त काड्या. ‘तिचं नाव वाचू नको,’ ती म्हणाली. ‘माझं वाच. मी गाळली. माझ्या हाताले अजून वास येते, पाह्य.’ तिने हात पुढे केला. येत होता.

मी तिला घेऊन धुरपताबाईकडे गेले. माझं म्हणणं सरळ होतं. खोटं नाव मी वाचणार नाही. पत्रकात आम्ही कधी खोटं छापलं नव्हतं. धुरपताबाई घागर पुसत होती. तिने माझं ऐकून घेतलं आणि अनुसयाला म्हणाली, ‘माझ्या नवऱ्याची दारू. त्यात तुझं नाव काऊन? तुह्या नवऱ्याले का म्हनू मी, का तुही बायको माह्या नवऱ्यासाठी मडकं चढवून राह्यली होती?’ अनुसया रडता रडता हसली. मग धुरपताबाई माझ्याकडे वळली. तिने मला समजावलं नाही. एवढंच सांगितलं की दोघी गेल्या तर मंडळ आठ दिवसही टिकणार नाही, पुरुष टपून आहेत. एकीने जायचं आहे. अनुसयाला तोंड आहे, ती सांभाळेल. आणि वर म्हणाली, मी पेली ते तर खरं हाय ना? तुह्या डोळ्यादेखत पेली. तेवढ्यावरच माझं नाव येते.

ते खरं होतं. माझ्याच कलमाने खरं होतं.

या प्रसंगावर मी अनेकदा विचार केला आहे. मुलचेऱ्याच्या रस्त्यावर बस बंद पडलेली असताना, माजरीच्या कोळशाच्या धुळीत पत्रकं वाटताना, बाबा गेल्यानंतर छापखान्याचे खिळे विकले त्या संध्याकाळी. बंदीवरचं माझं मत बदललेलं नाही. टोल्यावर मार खाल्लेल्या बायकांच्या पाठी मी पाहिल्या आहेत, त्या पाठींपुढे कोणत्याही जिभेचं कौतुक मला छोटंच वाटतं. तरी मी हेही पाहिलं आहे की एका बाईने नियम मोडला आणि तो मोडल्याची शिक्षा मागून घेतली, आणि त्यामुळे तो नियम मी लिहिला होता त्याहून खरा झाला. तो आधी माझा होता, कागदावरचा. त्या दिवशी तो तिचा झाला. पत्रकात हे बसत नाही. म्हणून ते इथे लिहिते आहे.

*

ऊन कललं तशी सभा बसली. बोडीच्या पाळीजवळ मोठी चिंच आहे, तिच्याखाली. पाळीवरच्या मोहाची फुलं संपत आली होती, त्याच्या फांद्यांवर लालसर नवी पालवी होती, तिच्यावर तिरपं ऊन पडलं होतं. पाणी आटून बोडीच्या मधोमध उरलं होतं आणि त्यात बगळे उभे होते. बायका बसल्या, त्यांच्यामागे पुरुष. ऋषीभाऊ सगळ्यांत मागे उभा होता, डोक्यावरचं दुपट्टं हातात घेऊन. अध्यक्षाच्या जागेवर अनुसया बसली होती, मान खाली घालून. धुरपताबाई वर्तुळाच्या बाहेर, एकटी, पाळीच्या दगडावर जाऊन बसली होती. कोणी तिला तिकडे बसायला सांगितलं नव्हतं.

मी उभी राहिले. घोषणा देऊन देऊन माझा आवाज तयार झालेला होता, शे-दोनशे माणसांना मी सहज ऐकू जाई. मी शपथ वाचली, नियम वाचला. मग नाव वाचायला लागले: धुरपताबाई गोविंदा... आणि तिथे माझा आवाज खाली गेला. पुढच्या रांगेतल्या बायकांनाही ऐकू आलं नसावं.

पाळीवरच्या दगडावरून ती म्हणाली, ‘मोठ्यानं वाच, पोरी. त्याच्या कानावर गेलं पाह्यजे.’

मी पुन्हा सुरुवातीपासून, मोठ्याने वाचलं.